काखेतली फट

चिमणी पाच वर्षांनी वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली तेव्हा दुपारचे तीन वाजत होते आणि वहिनी खाली मान घालून पट्ट्यांच्या कडा कानशीने घासत होती. दारातला उजेड अडला म्हणून तिने वर पाहिलं. आधी तिला खांदेच दिसले. डावा उजव्यापेक्षा दोन बोटं खाली. मग चेहरा दिसला.

"माप घे," चिमणी म्हणाली. "चिलखत हवंय."

वहिनीने कानस खाली ठेवली. बस म्हणावं, पाणी द्यावं, कधी आलीस विचारावं, यातलं काही तिला सुचलं नाही. तिने फक्त विचारलं, "कुणासाठी?"

"माझ्यासाठी. या मोसमात उतरतेय. पहिली लढत तुझ्याशीच खेळायची आहे. पंचांशी बोलून झालंय."

खरं तर ती एकट्या चिमणीची वहिनी. चिमणी तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण, हाडापेराने लहान, म्हणून घरात चिमणी. जुन्या काळच्या लढाया खेळणाऱ्या गटात दोघी एकाच महिन्यात दाखल झाल्या होत्या, आणि चिमणी मैदानात "वहिनी, मागे बघ, वहिनी" असं ओरडायची. तेव्हापासून गटातले पन्नाशीचे मिशीवाले आणि कॉलेजातल्या मुली, सगळेच तिला वहिनी म्हणायला लागले. तिचं खरं नाव आता विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं.

गट म्हणजे नाटकातला नव्हे. तलवारीला तलवार टेकवून खणखणाट करायचा आणि टाळ्या घ्यायच्या, असला प्रकार तिथे नव्हता. शस्त्रं पोलादाची, फक्त धार आणि टोक बोथट केलेलं. मार खरा. जो जमिनीवर पडला तो बाद, आणि पडेपर्यंत मारायचं. म्हणून चिलखतही खरंच लागतं. वहिनीचे वडील गॅरेजमध्ये डेंटर होते. गाड्यांचे चेपलेले दरवाजे ठोकून सरळ कसे करायचे हे ती त्यांच्याकडून शिकली होती, आणि पुढे तोच हात तिने चिलखतांना लावला.

पाच वर्षांपूर्वी ती अजून लढत होती. सरावाचा दिवस होता, तीन विरुद्ध तीन. चिमणीचं स्वतःचं चिलखत नव्हतं, गटातल्या एका रुंद छातीच्या गड्याचं तिने उसनं घेतलं होतं. ते तिच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखं लोंबत होतं. सकाळी वहिनीनेच तिची बकलं आवळली. डाव्या काखेत पट्ट्या अंगापासून सुटत होत्या, तिथे तीन बोटं सहज आत जात होती. तिने ती घालूनही पाहिली. "उद्या दोन ओळी वाढवून देते," ती म्हणाली, "आज ढाल वर उचलू नकोस."

चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा दोघी समोरासमोर आल्या. शेवटी मैदानात त्या दोघीच उरल्या. चिमणी चपळ होती. तिने वहिनीच्या शिरस्त्राणावर पाठोपाठ तीन फटके हाणले, आणि प्रत्येक फटक्याला आपल्या शिरस्त्राणाच्या आतून हसली. वहिनीच्या कानात शीळ वाजायला लागली. तिच्या हातात दोन्ही हातांनी धरायची लांब दांड्याची कुऱ्हाड होती. चौथ्या फटक्यासाठी चिमणीने ढाल वर उचलली, काख उघडी पडली, आणि वहिनीला ती फट दिसली. सकाळी बोटं घालून पाहिलेली. तिने कुऱ्हाड खालून वर आणली, कमरेतून, पूर्ण ताकदीने.

ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला. कुऱ्हाड पट्ट्यांच्या खाली शिरून आतच अडकली. चिमणी ओरडली नाही, कारण ओरडायला हवाच उरली नव्हती. ती गुडघ्यावर बसली, मग कुशीवर पडली. शिरस्त्राण काढलं तेव्हा तिच्या ओठांवर गुलाबी फेस होता. खांद्याचं हाड फुटलं होतं, गळ्याखालचं मोडलं होतं, दोन फासळ्या आत गेल्या होत्या आणि त्यातल्या एकीने फुप्फुस फाडलं होतं. तिचा भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा, बसचा ड्रायव्हर. त्याने गाडी अशी हाणली की दवाखान्यात पोचल्यावर त्याची बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात.

तीन ऑपरेशनं झाली. पंचांनी वहीत अपघात असं लिहिलं. सगळे तेच म्हणाले, नवराही तेच म्हणाला, आणि वहिनीने कुणालाच दुरुस्त केलं नाही. चिमणी बरी झाल्यावर दुसऱ्या गावी गेली, एका कुरिअरच्या गोदामात कामाला लागली. भावाला फोन करायची तेव्हा घरात आणखी कुणी राहतं हे तिच्या गावीही नसायचं. वहिनीने लढणं सोडलं आणि रात्रंदिवस चिलखतं बनवायला लागली. लांबलांबून लोक यायचे. वहिनीच्या चिलखतात बोट शिरत नाही, असं म्हणायचे. ते ऐकलं की ती विषय बदलायची.

आता चिमणी दारात उभी होती. वहिनीने सांगून पाहिलं की मी सोडलंय, हात बसलेत, पोट सुटलंय. चिमणी म्हणाली, अडीच महिने आहेत, पोट कमी होईल. नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं. वहिनीने भिंतीवरची टेप काढली.

चिमणी बनियनवर उभी राहिली. वहिनीने आजवर शंभरेक अंगांची मापं घेतली होती, पण हे अंग तिने स्वतः मोडलेलं होतं. काखेखालून छातीपर्यंत वण गेला होता, जाड, चकाकणारा. गळ्याखालचं हाड जिथे जुळलं तिथे पायरी पडली होती. दोन फासळ्यांच्या जागी तळहात बसेल एवढा खळगा होता. तिने हात वर करायला सांगितला. उजवा सरळ वर गेला, डावा कानापर्यंत जाऊन थांबला आणि थरथरायला लागला.

"आणखी?"

"एवढाच जातो."

मोठा श्वास घे, म्हणून वहिनीने छातीचं माप दोनदा घेतलं. उजवी बाजू फुगत होती, डावी जेमतेम. तिने आकडे लिहिले, मग पेन ठेवून पुठ्ठा घेतला आणि डाव्या बाजूचा साचा थेट अंगावरच कापला, कारण या खळग्याला आकड्यांचा उपयोग नव्हता. तिची बोटं वणावर टेकली की चिमणीच्या पोटाचे स्नायू आवळत होते. 

जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने घास ताटात परत ठेवला. तिला नाही सांग, म्हणाला. वहिनी म्हणाली, तुझी बहीण आहे, तूच सांग. तो फोन घेऊन बाहेर गेला आणि दहा मिनिटांनी परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. ती ऐकत नाही, म्हणाला, तू तरी ऐक. दोघींपैकी कुणीही ऐकणार नाही हे कळल्यावर शेवटी तो एवढंच बोलला की मग निदान असं बनव, की तिला काही होणार नाही.

"तेच करतेय," वहिनी म्हणाली.

चारशे वीस पट्ट्या लागल्या. प्रत्येक पट्टी बोटाएवढी, एका मिलिमीटरच्या पोलादाची, भोकं पाडलेली, मधे जराशी फुगवलेली, म्हणजे फटका बसला की घसरून जातो. त्या चामड्याच्या वादीने एकीला एक चिकटून ओवायच्या, ओळ करायची, आणि मग एक ओळ दुसरीला टांगायची. वादी ढिली पडली तर ओळींमध्ये दात पडल्यासारखी फट दिसते. फार आवळली तर चिलखत पिंपासारखं होतं, माणसाला वाकता येत नाही. सगळं वजन कमरेवर यायला हवं. खांद्यावर आलं तर दुसऱ्या मिनिटाला हात भरून येतात, आणि चिमणीचा एक खांदा तर वजन घेण्याच्या लायकीचाच नव्हता.

उजव्या बाजूचं काम आठ दिवसांत झालं. डावी बाजू महिनाभर चालली. तिथल्या पट्ट्या वहिनीने एकेक सुट्टी कापली, वर अरुंद, खाली रुंद, दोन एकसारख्या नाहीत. काखेसाठी चंद्रकोरीसारखा वेगळा तुकडा केला, तो दंडाला टांगला, म्हणजे हात वर गेला की तुकडाही वर जाईल. भट्टीत लाल करून, तेलात बुडवून तिने पट्ट्यांना पाणी दिलं, मग मंद आचेवर त्यांचा ठिसूळपणा घालवला. प्रत्येक तापातली, म्हणजे एका वेळी भट्टीत घातलेल्यांपैकी, एक पट्टी ती शिकंज्यात धरून मोठ्या हातोड्याने मारायची. तुटली की सगळा ताप रद्द. दोनदा केला.

सकाळी ती सरावाला जायला लागली होती. मैदानाच्या कडेला जुना ट्रॅक्टरचा टायर लटकवलेला होता, त्यावर ती तासभर कुऱ्हाड मारायची. पहिल्या आठवड्यात तिला जिने उतरता येईनात. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी टायरवर खालून वर फटका बसला, अगदी बेतशीर, खांद्यातून निघालेला झटका थेट दांड्यात उतरला, आणि तिच्या सगळ्या अंगातून काहीतरी गोड सरकून गेलं. ती तिथेच थांबली. कुऱ्हाड पिशवीत घालून घरी गेली आणि दोन दिवस सरावाला आली नाही. तिसऱ्या दिवशी आली.

चिमणी दर शनिवारी बसने यायची. पहिल्यांदा अंगावर चढवलं तेव्हा हाडाच्या पायरीवर कड टोचत होती, वहिनीने वरच्या तीन ओळी उसवल्या. दुसऱ्यांदा बसल्यावर चिलखत वर सरकून गळ्याशी आलं, खालची एक ओळ गेली. तिसऱ्यांदा चिमणीने वाकून पाहिलं, दोन उड्या मारल्या, डावा हात जाईल तेवढा वर नेला. काखेचा तुकडा बरोबर गेला. वहिनीने तिथे बोट घालून पाहिलं. शिरलं नाही.

"मार," चिमणी म्हणाली.

"काय?"

"तिथे मार. बघू दे."

वहिनीने लाकडी मोगरी घेतली आणि बेताने मारली. चिमणी म्हणाली, जोरात. तिने जोरात मारली. चिमणी तसूभर हलली नाही, फक्त तिच्याकडे बघत राहिली. मग शांतपणे बोलली.

"त्या दिवशी सकाळी पण तू इथेच बोटं घातली होतीस. तीन."

वहिनीने मोगरी टेबलावर ठेवली.

"मला खूप उशिरा आठवलं. दवाखान्यात पडल्या पडल्या आधी नुसतं मैदानच आठवायचं. मग एक दिवस सकाळ आठवली. तू मुद्दाम तिथेच मारलंस ना?"

वर्कशॉपमध्ये भट्टीचा पंखा घरघरत होता. वहिनीला वाटलं, हा प्रश्न यावा म्हणूनच आपण इतके आठवडे एकेक पट्टी घासत होतो.

"हो," ती म्हणाली. "दिसलं आणि मारलं."

"का? मी काय केलं होतं तुझं?"

"काहीच नाही. राग नव्हता, चिमणे. मजा येत होती."

चिमणीने तिच्या मानेमागचे केस धरले आणि तिचं तोंड कामाच्या टेबलाच्या कडेवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. दुसऱ्या वेळी नाक मोडल्याचा आवाज वहिनीला डोक्याच्या आतून ऐकू आला. तिने टेबल धरून ठेवलं, उलट हात केला नाही. चिमणी तिला ओढून सरळ करत होती आणि दात आवळून म्हणत होती, खोटं बोलू नकोस, खरं सांग, आईच्या बांगड्या मी नेल्या म्हणून, की भाऊ माझं ऐकतो म्हणून, काय होतं ते सांग. वहिनीच्या तोंडात रक्त भरलं होतं. ती थुंकली आणि पुन्हा तेच म्हणाली. तेव्हा चिमणीने तिला तिसऱ्यांदा आपटलं.

मग तिने केस सोडले. दोघी धापा टाकत होत्या. टेबलावर मेण लावून ताणलेल्या वाद्या होत्या, त्यांच्यावर रक्ताचे थेंब पडले होते. चिमणीने स्वतःच चिलखताची बकलं सोडली आणि ते नीट घडी करून स्टुलावर ठेवलं.

"मागच्या बाजूच्या खालच्या दोन ओळी ढिल्या आहेत," ती दारातून म्हणाली. "शनिवारी येते."

नवऱ्याने नाक पाहिलं तेव्हा वहिनीने सांगितलं की पत्रा उडाला. तो बघत राहिला. वीस वर्षं बस चालवणाऱ्याला खोटं बोलणारा प्रवासी ओळखू येतो. पण त्याने फक्त बर्फ आणला आणि शेजारी बसून तो वितळेपर्यंत धरून ठेवला.

लढतीच्या दिवशी मैदानाभोवती दोनेकशे माणसं होती. दीड दीड मिनिटाच्या तीन फेऱ्या, जिचे फटके जास्त तिची फेरी, दोघींकडे लांब दांड्याच्या कुऱ्हाडी. चिमणी चिलखत घालून आली तेव्हा जाणकार मंडळींनी माना हलवल्या. तिच्या खांद्यांत दोन बोटांचा फरक आहे, हे चिलखतावरून कुणाला कळलंही नसतं. वहिनीचं स्वतःचं मात्र जुनंच होतं आणि बाजूला दोन बकलं शेवटच्या भोकात अडकली होती. दुसऱ्याचं काम करताना स्वतःचं करायला तिला वेळच झाला नव्हता.

पहिल्या फेरीत वहिनी नुसती अडवत राहिली. चिमणीने तिला मांडीवर मारलं, कोपरावर मारलं, शिरस्त्राणावर असं मारलं की जाळीतून दिसणारं आभाळ तिरकं झालं. डावा हात वर जात नाही म्हणून चिमणीने वरून मारणं सोडूनच दिलं होतं. ती खालून उजवीकडून यायची, वेगाने, आणि लगेच जागा बदलायची. फेरी तिचीच झाली. मधल्या विश्रांतीत ती जाळी वर करून चालत आली.

"मला खेळवू नकोस," ती म्हणाली. "मी एवढ्या लांबून तुझी दया घ्यायला आले नाही."

दुसरी फेरी सुरू होताच चिमणीचा दांडा वहिनीच्या जाळीवर आडवा बसला. नुकतं जुळलेलं नाक पुन्हा फुटलं, गरम रक्त ओठांवर आलं. वहिनीने ते चाटलं. आणि ते आलं, टायरवर आलेलं, पाच वर्षांपूर्वी आलेलं, पोटातून वर चढणारं. आजूबाजूचा गोंगाट बंद झाला. समोरच्या अंगावर कुठे किती पट्ट्या आहेत, कुठली ओळ कशी टांगली आहे, हे तिच्याइतकं जगात कुणालाच माहीत नव्हतं. चिमणी वळली, डावी काख उघडी झाली. वहिनीने कुऱ्हाड कमरेतून वर आणली आणि काही राखून ठेवलं नाही.

फटका बरोबर तिथेच बसला. काखेचा तुकडा कुऱ्हाडीबरोबर वर सरकला, अरुंद पट्ट्या एकमेकींवर दाबल्या गेल्या आणि कुऱ्हाडीचं पातं त्यांच्या फुगवट्यावरून घसरून निघून गेलं. चिमणी दोन पावलं मागे धडपडली, पण उभी राहिली. वहिनीने पुन्हा तिथेच मारलं. वाद्यांनी धरून ठेवलं. तिसऱ्यांदा मारायची काही गरज नव्हती, फेरी तिची झालीच होती. तिने तिसऱ्यांदाही मारलं, आणि मारताना आपण हसतोय हे तिला शिरस्त्राणात घुमणाऱ्या आवाजावरून कळलं.

शिट्टी झाली. ती दोरीला टेकून उभी राहिली. नवरा पहिल्या रांगेत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे असा बघत होता की ही बाई कोण, कुठल्या थांब्यावर चढली. त्याला आता सगळं कळलं होतं.

तिसऱ्या फेरीत चिमणी लांब राहिलीच नाही. ती सरळ आत घुसली, दांड्याने दांडा दाबला, गुडघा घातला, आणि वहिनी जरा मागे झुकताच कुऱ्हाड तिच्या उजव्या मनगटावर उतरवली. हातमोज्याच्या पट्ट्या चेपून आत गेल्या. वहिनीची कुऱ्हाड खाली पडली. हात कोपरापासून पुढे कुणा दुसऱ्याचाच असल्यासारखा लोंबायला लागला. शस्त्र सुटलं म्हणून पंचाने शिट्टी वाजवली. चिमणीने शिरस्त्राणावर मारलं, वहिनी गुडघ्यावर आली. शिट्टी पुन्हा वाजली, लांब. चिमणीने तिच्या बरगड्यांवर मारलं, जिथे जुनी बकलं शेवटच्या भोकात होती, आणि वहिनी कुशीवर पडली. तिला धूळ दिसली, चिमणीचे बूट दिसले, आणि वरून चिमणीच्या श्वासाचा आवाज आला, धाप आणि हसू एकत्र. दोन पंचांनी चिमणीला कमरेला धरून मागे ओढलं तेव्हाही तिची कुऱ्हाड वरच होती.

दवाखान्यात एक्स-रेसाठी रांग होती. दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या. वहिनीचा हात फळीला बांधलेला, चिमणीच्या काखेत बर्फाची पिशवी. तिचं अंग काळंनिळं झालं होतं, पण हाड एकही मोडलं नव्हतं. समोरून स्ट्रेचर येत जात होते.

"तू तीनदा तिथेच मारलंस," चिमणी म्हणाली.

"हो."

"मी पण शिट्टी ऐकली होती. दोन्ही वेळा."

वहिनीने मान हलवली.

"मी पाच वर्षं कारण शोधत होते," चिमणी म्हणाली.  "तू घरात आल्यापासूनचं सगळं उकरून काढलं. कधी तुला टाकून बोलले, कधी तुझ्या हातचं ताट तसंच ठेवलं. वाटायचं, काहीतरी असेल, माझंच काही चुकलं असेल, त्याची शिक्षा असेल. तू सांगितलंस तेव्हा खरं वाटलं नाही. असं नुसतं कुणी कसं मारेल?" तिने बर्फाची पिशवी काखेतून काढून बाकावर ठेवली. "आज मारलं मी. राग संपला होता. मनगट गेलं तेव्हाच संपला होता."

"मजा आली?"

 चिमणी उठली, कोपऱ्यातल्या बेसिनवर गेली आणि ओकली. परत येऊन बसली तेव्हा वहिनीने डाव्या हाताने आपला रुमाल पुढे केला. तिने तो घेतला.

"मी तुला माफ केलेलं नाही," तोंड पुसून ती म्हणाली.

"मी मागितली कुठे?" वहिनी म्हणाली.

नवरा कागदपत्रं करून आला. त्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.  मग त्याने किल्ली काढली आणि विचारलं, "पुढच्या सीटवर कोण बसणार?" दोघी मागे बसल्या. त्यानंतर तो महिनाभर बायकोशी कामापुरतंच बोलला, आणि ज्या दिवशी पुन्हा धड बोलला त्या दिवशी एवढंच म्हणाला की तू परत मैदानात उतरणार असशील तर मला आधी सांग, मी घर सोडतो. ती म्हणाली, उतरणार नाही. त्याचा विश्वास बसला की नाही, तिने विचारलं नाही.

चिमणीवर पंचांनी वर्षाची बंदी घातली. ते वर्ष तिने तिकडच्या गटात नुसता सराव करत काढलं, आणि बंदी उठल्याबरोबर उतरली. वहिनीचं मनगट जुळलं, पण वाकडं. बारीक कानस ती उजव्या हाताने धरते, जड हातोडा डाव्याने. पूर्वी दिवसाला जेवढ्या पट्ट्या व्हायच्या त्याच्या निम्म्या होतात. लोक थांबतात.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी ती वाद्या कापत बसली होती, नवरा दारात ड्रायव्हरची टोपी झटकत होता, आणि फोन वाजला. चिमणी होती. मैदानावरून बोलत होती, मागे लोखंडाचा आणि माणसांचा गलका होता. हाय नाही, हॅलो नाही. काखेच्या तुकड्याची वादी तुटलीय, म्हणाली, पाच मिनिटं आहेत, कसं बांधू?

वहिनीने कात्री ठेवली. जवळ काय आहे विचारलं. बुटाची नाडी होती. तिने सांगितलं, वरच्या बाजूच्या दुसऱ्या भोकातून आत घे, पट्टीच्या मागून काढ, शेजारच्या दोन भोकांत उलटसुलट, आवळू नकोस, हात वर करून बघ, आता आवळ. चिमणी प्रत्येक पायरीला हं म्हणत होती.

"बोट घालून बघ," वहिनी म्हणाली.

"शिरत नाही."

मग कुणीतरी तिला हाक मारली. चिमणीने फोन बंद न करताच कुणाच्या तरी हातात किंवा पिशवीत टाकला असावा. खरखर झाली, मग शिट्टी वाजली, आणि पोलादावर पहिला फटका बसला. वहिनीने तो ओळखला, खालून उजवीकडून आलेला. दुसरा, तिसरा. कुणीतरी कण्हलं, ती चिमणी नव्हती. फोन ठेवून द्यायला हवा, हे वहिनीला कळत होतं. तिचा वाकडा उजवा हात टेबलावर मुठीत वळला होता आणि फटक्याबरोबर आवळत होता, सुटत होता, पुन्हा आवळत होता.

"कुणाचा फोन?" नवऱ्याने दारातून विचारलं.

"चिमणीचा."

"काय म्हणतेय?"

वहिनीने फोन कानाला आणखी घट्ट दाबला. "जिंकतेय," ती म्हणाली.